चौघींपुरती जागा

नागपंचमीला चिरायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. त्या दुपारी काष्टी गावातल्या बायकांचे हात मोकळे. विमलच्या ओट्यावर तीन पत्तीचा डाव बसला होता. उद्या रंगनाथचा टेम्पो नगरला जाणार, मागे चौघींपुरती जागा, आणि जायचं होतं नऊजणींना. गोजरबाईनं तोडगा काढला : प्रत्येकीला वीस चिंचोके, संपले की उठायचं. उरतील त्या चौघी नगर बघतील.

दिवस कलताना पाचजणी उरल्या. विमलपुढे शंभरावर चिंचोके. मांडीवरचं पोर मूठमूठ उधळत होतं, तरी ढीग कमी होईना. यापुढे तिनं नुसते पत्ते टाकून दिले असते, तरी तिची जागा पक्की होती.

पण हात शिवशिवत होते. न बघता पाच लावले, की बघणारीला दहा लावावे लागत. विमल न बघताच पाच सरकवायची आणि बाकीच्या मुकाट पत्ते टाकायच्या. आता एकच जण घरी राहणार. ती आपण नको, एवढंच प्रत्येकीच्या डोक्यात.

"इमल, बघ तरी गं पत्ते! लईच माजलीस," गोजरबाई करवादली.

"भ्या वाटत आसंल तर टाका की, मावशे."

भामाबाई हसली नाही. तिची लेक चांगुणा नगरला दिलेली. पहिलं बाळंतपण, तेही सासरीच उरकलं. नातू सव्वा महिन्याचा झाला तरी भामाबाईनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. नवरा, सहादू, तिला एकटीला एसटीत बसू देईना. बायकांच्या सोबतीनं जा, म्हणाला होता. हे विमलला ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं.

भामाबाईकडे बारा होते, गोजरबाईकडे सहाच. गोजरबाई उठेपर्यंत दम धरायचा, असं भामाबाईनं ठरवलं. दोनदा तिनं पत्ते उचलले, विमलच्या पाचांकडे बघितलं आणि टाकून दिले. दुसऱ्यांदा ते उताणे पडले : गुलामाची जोडी. विमलनं आपले उलटून बघितले, तर हातात काहीसुद्धा नव्हतं. ती खुदकन हसली.

मग गोजरबाईनं जिवावर उदार होऊन उरलेले तिन्ही चिंचोके लोटले आणि तिला एक्क्यांची जोडी लागली. आता सगळ्यांत कमी भामाबाईकडे. इथं तरी विमलनं हात आखडायचा. तिनं आखडला नाही. डाव मांडायला दर खेपेला टाकावा लागे त्या एकेका चिंचोक्यानंच भामाबाई झिजत गेली. उरलेले तीन तिनं शेवटी न बघता लावले. विमलला राण्यांची जोडी निघाली.

भामाबाई पदर झटकून उठली. थोडी थांबली.

"इमल, नातवाची तेवढी कुंची नेशील का गं? आंदाजानंच शिवलीया."

'मामी, माझ्या जागी तुमीच जा,' हे विमलच्या ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात गोजरबाईनं टाळी मागितली, कुणी बांगड्यांचं काढलं, कुणी सिनेमाचं. आणि ते तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी चांगुणानं दारातच कुंची घेतली. नजर मात्र विमलच्या मागं, रस्त्याकडं.

"आय मागनं येतीया व्हय?"

"न्हाई गं. टेम्पोत जागा न्हवती."

चांगुणानं बाळाला कुंची घातली. ती कपाळावरून घसरून पार नाकापर्यंत आली.

"तिनं ह्याला बघितलंच न्हाई," चांगुणा म्हणाली, "तिला तरी माप कसं कळावं?"

बाहेर गोजरबाई हाका मारत होती. विमलचा पाय उंबऱ्याबाहेर पडेना.