महर्षींचं हाड

बरकतपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर रविवारी सकाळी ही गर्दी! आणि सगळे जिभा बाहेर काढून रांगेत उभे. मला वाटलं, घशाची साथ आली की काय.

"साथ नाही गं, साक्षात्कार!" आई म्हणाली. "अस्थिसिद्ध महाराज आलेत. त्यांच्याकडे महर्षींचं हाड आहे. खरं बोलणाऱ्याच्या जिभेला चिकटतं, खोटं बोलणाऱ्याच्या जिभेवरून घसरतं. आत्ताच मीपण चाटून आले. तू उगाच दात काढू नकोस."

हाड म्हटल्यावर मी पुढे जाणारच. उत्खननात सापडलेल्या जनावरांच्या हाडांवर माझा एम.ए.चा प्रबंध चाललाय. ताडून बघायला मी खाटकाकडची हाडं आणून घरी उकळते, त्यापायी आईने माझा कुकर वेगळा केलाय. तीन हजार तुकड्यांपैकी अकराशेंची ओळख काही केल्या पटेना, तेव्हा मी रडकुंडीला आले होते. आमच्या पद्मावती मॅडम म्हणाल्या, "नाही पटली, असं लिही. अंदाज ठोकू नकोस."

महाराजांना बोलावलं होतं दुसऱ्या मजल्यावरच्या एकनाथरावांनी. त्यांची सोन्याची साखळी हरवली होती आणि संशय विठाबाईंवर होता. विठाबाई नांदेडकडच्या, बिल्डिंगमध्ये चार घरी स्वयंपाक करतात. परीक्षेच्या दिवसांत त्यांनी मला लहान पोरासारखं भरवलंय. आज चोर ठरल्या तर चारही दारं बंद, आणि नाव गेलं ते गेलंच.

"सप्तपाताळातून वर आलेली ही सत्यास्थी!" महाराज गरजले. "बोला साहेब, साखळी हरवली?"

"हौ, हरवली," एकनाथराव म्हणाले. हाड जिभेला चिकटून लोंबकळलं. टाळ्यांचा कडकडाट!

मग महाराजांनी हाड डोक्याभोवती ओवाळलं, काहीबाही पुटपुटले आणि विठाबाईंपुढे धरलं. "मी न्हाई घेतली हो," बिचारीच्या तोंडून कसंबसं निघालं. हाड चिकटेचना.

"हीच चोर!" कुणीतरी ओरडलं. विठाबाई मटकन खाली बसल्या आणि माझं डोकंच फिरलं. कारण ओवाळताना महाराजांनी हाड उलटं केलेलं मी पाहिलं होतं.

"थांबा! मलापण चाटायचंय," असं म्हणून मी हाड जवळजवळ हिसकावलंच. एकनाथरावांच्या जिभेला चिकटलेलं टोक पुढे केलं आणि मोठ्याने म्हणाले, "माझं वय ऐंशी, आणि चारमिनार मी बांधलाय!"

हाड चिकटलं. मी दोन्ही हात वर केले तरी पडेना! गच्चीभर हशा पिकला.

"जुनं हाड कोरडं असतं, बारीक बारीक छिद्रांचं," मी ते काढून सांगितलं. "जिभेची ओल शोषतं म्हणून चिकटतं. हातातला तुकडा दगड आहे की हाड, हे आम्ही असंच ओळखतो. आणि हे दुसरं टोक बघा." मी नखाने खरवडलं. नखात मेण आलं. "छिद्रं बुजवल्यावर चिकटेल कसं?"

"महर्षींचा अपमान! भस्म होशील!"

"महर्षींना खूर होते का हो? टोकाचे हे दोन गोल उंचवटे दुभंगलेल्या खुराच्या जनावरालाच असतात. बैलाचं की म्हशीचं, ते मोजून सांगावं लागेल."

अय्यो! गच्चीवर थू थू सुरू झालं. सगळ्यांत आधी आमच्या मातोश्री नळाकडे धावल्या. त्या गडबडीत महाराज जिना उतरून पसार झाले. चपला राहिल्या.

मी विठाबाईंना पाणी दिलं. कोरडं टोक पुढे करून म्हटलं, "आता बोला." त्यांचं तेच वाक्य, आणि हाड घट्ट चिकटलं.

"म्हणजे खरं बोलते ही!" आई म्हणाली.

"नाही गं बाई! माझं ऐंशी वयसुद्धा चिकटलंच की. हाडाला खरंखोटं काय कळतंय?"

एकनाथराव अजून हट्टाला पेटलेले. "मग माझी साखळी घेतली कुणी?"

"माहीत नाही, काका."

"असं कसं माहीत नाही? कुणीतरी घेतलीच असेल ना!"

विठाबाई उठल्या, पदराने तोंड पुसलं. "सायेब, सापडली तर कळवा. तवर तुमच्या पोळ्या तुमीच लाटा." आणि आमच्या घरी कणीक मळायला निघून गेल्या.

अकराशे तुकड्यांपुढे मी 'ओळख पटली नाही' असं लिहून टाकलंय, त्याची मला लाज वाटत नाही. तुम्हीही वाटू देऊ नका. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, शोधा, विचारा. पण रिकाम्या रकान्यात गरिबाचं नाव भरू नका.