सहावा हात

शिक्षिका व्हायचं तर परीक्षकांसमोर वर्गाला एक पाठ शिकवून दाखवावा लागतो. मागच्या वर्षी त्यात मी सपशेल आपटले होते. यंदाही आपटले तर नाद सोडायचा, असं मी स्वतःला बजावलं होतं. वय सदतीस, घरात दोन पोरं. तिसऱ्यांदा बसायची माझी तरी छाती नव्हती.

म्हणून मी लबाडी केली. आमच्यात सगळेच करतात, उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू? आदल्या दिवशी सातवीच्या वर्गात गेले, पाच चुणचुणीत मुलं निवडली, त्यांच्याकडून उत्तरं घोटून घेतली आणि बाकीच्यांना दम भरला, "उद्या तुमच्यापैकी कुणीही हात वर करायचा नाही."

आणि पाठ कशावर? मुलांच्या हक्कांवर. पण तेव्हा माझ्या टाळक्यात काही शिरलं असेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी परीक्षक बाई शेवटच्या बाकावर वही उघडून बसल्या. सगळं कसं झकास चाललं होतं. मी फळ्यावर लिहिलं, 'प्रत्येक मुलाला आपलं मत मांडायचा हक्क आहे.' एखादं उदाहरण विचारलं. ठरलेले पाच हात वर गेले. आणि खिडकीपाशी सहावा.

एक चष्मेवाली मुलगी होती. मी दोनदा तिच्याकडे काणाडोळा केला. मग ती उभीच राहिली.

"बाई, हा हक्क त्या पाच जणांनाच आहे का?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. रागही आला, खोटं कशाला सांगू. आधी तिचा, मग स्वतःचा. थाप मारायला जीभ वळेना.

"नाही गं," मी म्हटलं. "काल मी तुम्हाला गप्प बसवलं, ते चुकलं माझं. आता ज्यांना बोलायचंय त्यांनी बोला."

मग काय विचारता! मार्कांप्रमाणे बाकं का? मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी का नाही? एकाने मस्ती केली की सगळ्यांचा खेळाचा तास का बुडतो? माझं पाठाचं टाचण टेबलावर तसंच पडून राहिलं आणि घंटा झाली. गेलं हेही वर्ष, म्हणत मी खडू खाली ठेवला.

परीक्षक बाई उठल्या. "पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही," असं मला म्हणाल्या आणि मुलांकडे वळल्या. "बाईंनी तुम्हाला हक्क शिकवले का रे?"

"शिकवले ना," चष्मेवाली म्हणाली. "आधी काढून घेतले, मग परत दिले."

अख्खा वर्ग खिदळला. परीक्षक बाई हसू दाबत वहीत लिहू लागल्या. मी मान वाकडी करून पाहिलं. तिचंच वाक्य होतं, आणि त्याखाली 'उत्तीर्ण'.