फोटोला तोंड जुळेना

मतदानाला महिना असल्यापासून सावळधरा गावच्या चहाच्या टपरीवर रूपराव आणि पुंडलिकराव रोज सकाळी भांडत. भांडण उमेदवारावरून नव्हतं. दोघांची मतं दोन वेगळ्या माणसांना पडतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. भांडण होतं ओळखपत्रावरून.

"गावात कोन कोनाले ओळखत नाई बे?" पुंडलिकराव म्हणायचे. "सुमित्राबाई मागच्या खेपी कार्ड घरी विसरली, त तिले केंद्रावरून वापस धाडलं. सारं गाव तिले मावशी म्हनते, अन् तिलेच इचारते, तू कोन?"

"बराबर इचारलं," रूपराव कपातला चहा बशीत ओतत म्हणायचे. "कार्ड पाह्यजे, कार्डावर फोटो पाह्यजे, अन् फोटो तोंडाशी जुळला पाह्यजे. नाई त उद्या कोनीही येईन अन् रूपराव म्हनून बटन दाबून जाईन."

"तुह्यासारखं तोंड दुसऱ्या कोनाले भेटन बे?"

टपरी हसायची आणि रूपराव आणखी दोन कट चहा सांगायचे. पण विषय त्यांनी फार मनावर घेतला होता. त्यांच्या बाजूचा पोलिंग एजंट होता मुकेश, पहिल्यांदाच केंद्रात बसणार होता. त्याला त्यांनी समोर बसवून बजावलं, "तोंड जुळलं नाई का आब्जेक्शन घेजो. सख्खा बाप आला तरी सोडजो नाई."

मतदानाच्या दिवशी रूपराव पहाटेच उठले. दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, कार्ड वरच्या खिशात ठेवलं. मतदान सुरू व्हायला वेळ होता म्हणून हरभऱ्याला पाणी सोडून येऊ, असं म्हणत शेतात गेले. विहिरीजवळच्या चिंचेवर आग्यामोहोळ होतं आणि नेमकी त्याच फांदीवर वानरं उतरली आणि मोहोळ उठलं. रूपरावांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळून धूम ठोकली खरी, पण तोंड उघडंच राहिलं.

घरी पोचेपर्यंत डावा डोळा मिटला होता, उजवा मिटायच्या बेतात होता आणि ओठांचा नुसता फुगा झाला होता. दारात उभ्या माणसाला बायकोने, देवकाबाईंनी, आधी "कोन पाह्यजे?" असंच विचारलं. मग त्यांची नजर चपलांवर गेली.

"अगं माय! चाला, सेवाग्रामच्या दवाखान्यात चाला. इंजेक्शन घ्या लागते."

"अगुदर मत," फुग्यातून आवाज आला.

केंद्र शाळेत होतं. रांगेतल्या लोकांनी कळवळून, काहींनी तोंडावर हात धरून, त्यांना पुढे जाऊ दिलं. केंद्राध्यक्ष रक्षा मॅडम हिंगणघाटकडच्या, गावाला नवख्या. त्यांनी कार्ड पाहिलं, रूपरावांकडे पाहिलं, परत कार्ड पाहिलं.

"हे तुम्हीच का?"

"हो."

मुकेश खुर्चीतून उठला. त्याच्या कपाळावर घाम होता. "मॅडम, आब्जेक्शन हाय. तोंड जुळत नाई." मग हळूच म्हणाला, "काका, तुमीच सांगतलं होतं."

आतून ठणका मारत असतानाही रूपरावांना मुकेशचा अभिमान वाटला.

मॅडमनी दुसरा पुरावा मागितला. आधार निघालं, बँकेचं पासबुक निघालं. पण प्रत्येक फोटोत होते मधमाश्यांच्या आधीचे रूपराव. आधारवर तर ते धडधाकट असतानाही ओळखू येत नसत.

"यांना कोणी ओळखतं का?" मॅडमनी शेवटी एजंटांना विचारलं.

दुसऱ्या बाजूचे एजंट म्हणून बसलेले पुंडलिकराव उभे राहिले. "मी ओळखतो. हा रूपराव. पाह्यजे त लिहून देतो."

विरुद्ध बाजूचाच माणूस साक्ष देतोय म्हटल्यावर मॅडमना हायसं वाटलं. त्यांनी यादीवर पेन टेकवला.

"थांबा," रूपराव म्हणाले. "फोटो जुळून राह्यला का?"

"फोटो जुळत नाही, पण हे सांगतात ना..."

"मंग याच्या सांगन्यावरून मले मत काऊन देऊ देता? आज यानं मले रूपराव म्हटलं. उद्या कोनालेही म्हनन."

पुंडलिकरावांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, हा पक्का रूपरावच हाय. दुसरा कोनी असता त मत देऊन कवाचा घरी गेला असता!"

मॅडमना हसू आवरेना. "काका, सहाच्या आत सूज उतरवून या. मी इथेच आहे."

देवकाबाईंनी आपलं मत दिलं आणि नवऱ्याला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी काटे काढले, इंजेक्शन दिलं आणि पडून राहायला सांगितलं. रूपराव खाटेवर पडले, पण चित्त लागेना. आजवर त्यांचं एकही मत चुकलं नव्हतं. एकदा तर भाच्याचं लग्न अर्ध्यावर सोडून ते मत द्यायला आले होते. आणि आज हातचं मत आपणच घालवलं होतं. पुंडलिक उभा राहिला तेव्हा गप्प बसलो असतो तर? पण तसं बसणं त्यांना जमलं नसतं, हेही त्यांना माहीत होतं.

"आरसा दे," ते दर थोड्या वेळाने देवकाबाईंना म्हणत. पर्समधला इवलासा आरसा त्या मुकाट्याने पुढे करत.

दुपार कलल्यावर उजवी बाजू उतरली. डावी मात्र तशीच टम्म. डॉक्टरांनी जाऊ दिल्याबरोबर ते परत केंद्रावर हजर झाले.

मॅडमनी कार्ड हातात घेतलं, फोटोच्या अर्ध्या भागावर अंगठा ठेवला आणि उरलेला अर्धा रूपरावांच्या उजव्या बाजूशी ताडून पाहिला. भुवई, डोळा, कानावरचा मस. मुकेशने वाकून पाहिलं.

"जुळते!" तो जवळजवळ ओरडलाच.

"मले पाहू दे," म्हणत रूपरावांनी कार्ड आणि आरसा शेजारी धरून स्वतःच खात्री केली. मग मान हलवली.

"अर्धंच तोंड जुळलं," पुंडलिकराव म्हणाले. "बटनही अर्धंच दाबजो."

बोटाला शाई लागली, यंत्राचा लांब आवाज झाला आणि रूपराव बाहेर येऊन शाळेच्या पायरीवर बसले. देवकाबाईंनी पाण्याची बाटली दिली. केंद्र बंद झाल्यावर, यंत्राला सील लागल्यावर पुंडलिकराव आले आणि शेजारी टेकले.

"काबे," रूपरावांनी विचारलं, "माहं मत तुह्या मानसाले पडत नाई, हे तुले माहीत हाय. मंग सकाळी काऊन उभा राह्यला? चूप बसता त एक मत कमी झालं असतं."

"मत कोनालेही दे ना बावा. पन तू तूच हायेस, त मी नाई कसं म्हनू?"

रूपराव हसायला गेले आणि ओठ ठणकल्यामुळे कळवळले. मग रूपराव हळूच म्हणाले, "पन अर्ध्या फोटोवर मत देऊ देनं काही बराबर नाई. त्या मॅडमची तक्रार करा लागते."

पुंडलिकराव काही बोलायच्या आत देवकाबाईंनी नवऱ्याचा दंड धरून त्यांना उठवलं.

"घरी चाला अगुदर," त्या म्हणाल्या.