पाठमोरी खुर्ची

हाजरनं बर्नूस, तो टोपडीचा जाड लोकरी झगा, तिसऱ्यांदा खुर्चीच्या पाठीवर चढवला आणि तो तिसऱ्यांदा डाव्या खांद्यावरून घसरला. बाबांच्या अंगावरूनही तो डावीकडेच घसरायचा.

"एक खिळा मार," विंगेतून लमीन म्हणाला.

"बाबांच्या बर्नुसाला खिळा?"

"मग घसरू दे. तिजानी तरी कधी सरळ बसला होता?"

लमीन निवृत्त पोस्टमन होता आणि हाजरच्या बाबांच्या, तिजानीच्या नाटकमंडळीत गेली तीस वर्षं नट. शेजारच्या ट्रंकेवर बय्या बसली होती. दिवसा शिवणकाम, संध्याकाळी नाटक, असंच तिचं आयुष्य गेलं होतं. दोघंही सकाळी दहापासून तोंडाला रंग लावून बसलेले. आता दीड वाजला होता. राजधानीतून येणारी समिती दहाला पोचणार होती.

"वाटेत मेंढी भाजत असतील कुठेतरी," बय्या म्हणाली. "खाऊन येतील, ढेकर देतील आणि आपल्याला सांगतील, नाटक जड आहे."

हाजर हसली नाही. तिनं बर्नुसाची टोपडी खुर्चीच्या उंच पाठीवर ओढली, त्यावर बाबांची लाल टोपी ठेवली आणि खाली उतरून शेवटच्या रांगेतून पाहिलं. केफ गावच्या त्या सभागृहातले अर्धे दिवे गेलेले होते. इथून पाहिलं की कुणीतरी पाठमोरं बसलं आहे असं वाटायचं. तिनं नजर काढून घेतली.

नियम असा, की नवं नाटक लोकांना दाखवण्याआधी समितीनं ते रिकाम्या सभागृहात पाहायचं. प्रेक्षक नकोत, पहारेकऱ्यानंसुद्धा बाहेर थांबायचं. समितीचा कागद मिळाला तरच अनुदान आणि तरच प्रयोग. हसायचं नाही, असं या लोकांच्या नियुक्तिपत्रातच लिहिलेलं असावं, असं बाबा म्हणत.

अकरा वर्षं बाबांनी या एकाच नाटकासाठी अर्ज केला. बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात एक म्हातारा प्रेक्षकांकडे पाठ करून बसतो. माणसं येतात, त्याच्याशी बोलतात, भांडतात, निघून जातात. तो एक शब्दही बोलत नाही. दर वर्षी मंत्रालयाचं पत्र यायचं, खाली समितीचे अध्यक्ष सी शाकिर, म्हणजे श्रीयुत शाकिर, यांची सही. "वृद्ध पात्र संपूर्ण प्रयोगभर का बोलत नाही, याचा समाधानकारक खुलासा करावा." बाबा दर वर्षी एकाच ओळीचं उत्तर पाठवायचे: "तो वाट पाहतो आहे." पत्रं लांबत गेली, उत्तर तेवढंच राहिलं. ती सगळी पत्रं त्यांनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली होती. का, ते हाजरला कधी कळलं नाही.

बाराव्या वर्षी अर्ज मंजूर झाला; आता समिती नाटक पाहायला येणार होती. म्हाताऱ्याची भूमिका बाबा स्वतःच करणार होते. तालमींना तीन आठवडे झाले असतील. एका दुपारी ते घरी आले, बूट काढले, जरा आडवा होतो म्हणाले.

येत्या गुरुवारी त्यांच्या जाण्याचा चाळिसावा दिवस होता. त्या दिवशी गावानं हे नाटक याच सभागृहात पाहावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी आजच कागद हवा होता. सभागृहाची तारीख आजचीच, आणि फाइलची मुदतही आज संपत होती.

मृत्यूची खबर द्यायला ती पंधरा दिवसांपूर्वी मंत्रालयात गेली होती. दोन खिडक्यांनी तिला एकमेकींकडे पाठवलं. तिसऱ्या खिडकीतल्या बाईनं फाइल उघडली, बोटानं ओळ शोधली आणि विचारलं, "दिग्दर्शक प्रयोगाला हजर राहणार ना?"

"तेच सांगायला आले आहे. ते वारले."

बाईनं पेन खाली ठेवलं. "हे मला का सांगितलंत?"

"म्हणजे?"

"सांगितलंत तर मला फाइल बंद करावी लागते. नवा दिग्दर्शक म्हणजे नवा अर्ज. नवा अर्ज पुढच्या वर्षी." तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, तुम्ही मला काही सांगितलेलं नाही. मी काही ऐकलेलं नाही. देव त्यांच्यावर कृपा करो. त्या दिवशी त्यांना घेऊन या."

हाजर रस्त्यावर आली. ज्या माणसानं आयुष्यात एकाही फॉर्मवर खोटं लिहिलं नाही, त्याला तिनं घेऊन यायचं होतं.

म्हाताऱ्याच्या खुर्चीत कुणाला बसवायचं यावरून वाद झाला नाही. "तिथे मी कुणाला बसू देणार नाही," बय्या म्हणाली होती. "तू बसणार असशील तर बस." हाजरला जमलं नाही. मग बर्नूसच बसला.

पावणेदोनला गाडीचं दार वाजलं. तिघं आत आले. एक बाई फोन कानाला लावून, एक जाडजूड गृहस्थ डोळे चोळत, आणि त्यांच्यामागे सी शाकिर. उंच, वाकलेले, काखेत फाइल. हाजरनं त्यांना मनात किती वेळा फैलावर घेतलं होतं. समोर फक्त सर्दी झालेला म्हातारा उभा होता.

"उशीर झाला," ते म्हणाले. कारण सांगितलं नाही. चष्मा पुसला, फाइल उघडली. "दिग्दर्शक हजर आहेत?"

हाजरनं तोंड उघडलं.

"हे काय, बसलेत की," बय्या रंगमंचावरून ओरडली. "कधीचे! तुमचीच वाट बघत."

सी शाकिरनी मान वर करून अंधारातल्या त्या पाठीकडे पाहिलं.

"नमस्कार करायलाही वळणार नाहीत?"

"भूमिकेत शिरलेत, साहेब," लमीन म्हणाला. "आता शेवटपर्यंत वळायचे नाहीत."

"माहीत आहे. अकरा वर्षं तेच वाचतो आहे मी." त्यांनी फाइल मिटली. "प्रयोगानंतर भेटतो त्यांना. हजेरीची खूण तेव्हाच करीन. सुरू करा."

तिघं शेवटच्या रांगेत बसले. हाजर दिव्यांच्या खटक्यांपाशी गेली. बय्याचा तिला राग आला, मग खिडकीतल्या बाईचा, मग बाबांचा. दुसरं एखादं नाटक लिहिलं असतं तर? दोन माणसं, एक लग्न, शेवटी गाणं. पहिल्याच वर्षी मंजूर झालं असतं.

लमीन आला, गाडीची वेळ विचारू लागला. उत्तर नाही म्हणून चिडला. मग स्वतःच उत्तरं देऊ लागला आणि त्यांवरही चिडला. तालमीत या जागी तिघंही हसून लोळायचे. सभागृहात शिंकेखेरीज आवाज नाही. फोनवाल्या बाईचा चेहरा फोनच्या उजेडात निळा दिसत होता. जाडजूड गृहस्थ सरळ झोपले होते.

मग ती जागा आली. सबंध नाटकात म्हातारा एकदाच हलायचा. लमीन विचारायचा, "मी जाऊ का मग?" आणि बाबा न वळता उजवा हात सावकाश वर करायचे. जा म्हणून, की थांब म्हणून, हे त्यांनी लमीनलाही सांगितलं नव्हतं.

"मी जाऊ का मग?" लमीननं विचारलं.

आणि तो थांबला. हात वर जायला, तिथे राहायला, खाली यायला जितका वेळ लागायचा, तितका वेळ थांबला. शेवटच्या रांगेतला निळा उजेड विझला.

लमीन निघून गेला. बय्या आली, खुर्चीशेजारी जमिनीवर बसली, पावाचे दोन तुकडे केले आणि एक खुर्चीच्या हातावर ठेवला. हाजरनं दिवे उतरवले.

टाळ्या नियमात नव्हत्या. पुन्हा दिवे लावले तेव्हा सी शाकिर उठून मधल्या वाटेनं रंगमंचाकडे निघाले होते.

"सी शाकिर," हाजर त्यांच्यामागे धावली. "एक मिनिट. तुम्हाला सांगायचं होतं—"

त्यांनी मागे न पाहता हात वर केला आणि पायऱ्या चढले. बय्या उठायला गेली ती अर्ध्यातच राहिली. लमीन विंगेच्या कापडाला धरून उभा होता. ते खुर्चीला वळसा घालून पुढच्या बाजूला गेले. प्रेक्षकांना जी बाजू कधी दिसणार नव्हती, त्या बाजूला. तिथून खुर्चीत काय आहे ते दिसत होतं.

ते उभे राहिले. फाइल काखेतून हातात घेतली, पुन्हा काखेत धरली. खालून फोनवाली बाई म्हणाली, "साहेब, निघायला हवं. घाटात धुकं उतरेल."

सी शाकिरनी नाक पुसलं. मग पुढे झुकून, डाव्या खांद्यावरून घसरलेला बर्नूस नीट वर ओढला आणि त्याची कड खुर्चीच्या दांड्यामागे खोचली.

खाली उतरून त्यांनी फाइल हाजरच्या समोरच उघडली. पहिल्या चौकटीत, 'दिग्दर्शक उपस्थित', तिथे खूण केली. शेवटी 'खुलासा आवश्यक' असं छापलेलं होतं. तिथे पेन टेकलं, थांबलं, उचललं. चौकट कोरी राहिली. त्यांनी सही केली, कागद फाडून तिच्या हातात दिला.

"पण बाबा—" हाजर म्हणाली.

"उठवू नका," ते म्हणाले. "दमले असतील."

गाडी चढावर गुरगुरली आणि आवाज वळणापलीकडे गेला. पहारेकऱ्यानं दारातून डोकं आत घालून किल्ल्या वाजवल्या. लमीननं ट्रंक ओढली. बय्यानं डोळे पुसत पावाचा तुकडा उचलला आणि बर्नूस घडी करायला हात पुढे केला.

"राहू दे," हाजर म्हणाली. "गुरुवारपर्यंत बसू देत."