डोळे नसलेली बैलगाडी

मित्रांनो, मी एक जुनी बैलगाडी आहे. जुनी म्हणजे परवाची. तुम्हाला हसू येईल, पण मी फुग्यांची आहे आणि फुग्यांत परवाचा म्हणजे म्हाताराच. माझ्या पोटात हवेशिवाय काही नाही, त्यामुळे ही गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, अशी शंका वाटते. पण दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून सांगते.

आष्ट्याजवळच्या एका मळ्यात, रामगोंडा आज्जांच्या घराच्या पुढच्या सोप्यात माझा जन्म झाला. त्यांच्या नातवाचा, आर्जवचा, पाचवा वाढदिवस होता. हे जैन कुटुंब दिवस मावळल्यावर जेवत नाही, म्हणून सगळा बेत भर दुपारचा. सजावटीसाठी कुंडलहून पूजा आली होती. मांडववाल्या मामांच्या हाताखाली तिने बरीच लग्नं सजवली होती, पण एकटीने घेतलेलं हे तिचं पहिलंच काम. नीट झालं तरच पुढे कोणी बोलावणार होतं.

आर्जवला फुग्यांचा जेसीबी हवा होता. पूजाने पिशवी उलटी केली, तर लांबट फुग्यांत पिवळे अगदी थोडे निघाले. पोराचा ओठ थरथरायला लागला. तेव्हा कोपऱ्यात बसलेले आज्जा, जे सहसा बोलत नाहीत, हळूच म्हणाले, "बैलगाडी कर की."

"आवं आज्जा, चाक जमंल मला. बैल कवा केला न्हाई."

"त्यात काय! शिंगं ही अशी." आज्जांनी दोन्ही हात डोक्याला लावले आणि मान उडवली. आर्जव खदखदून हसला. जेसीबी तिथेच संपला.

मग पूजाने पंप हातात घेतला. लांबट फुगा पूर्ण भरायचा नसतो. टोकाला शेपटीएवढा भाग रिकामा ठेवायचा, नाहीतर पीळ देताना हवेला सरकायला जागा उरत नाही. माझी दोन भावंडं तशीच घाईत फट्कन गेली. तिसऱ्या खेपेला पूजाने दम धरला. लाल फुग्यांची गोल चाकं झाली, तपकिरी फुग्यांची माझी बैठक झाली, पुढे हिरवी दांडी आली. शेवटी दोन पांढरे बैल उभे राहिले आणि त्यांच्या मानेवर जू पिळून बसवलं. बैल जरा डुकरांसारखे दिसत होते, पण शिंगांनी लाज राखली.

"डोळं?" आर्जवने विचारलं.

पूजाने काळं स्केचपेन त्याच्याच हातात दिलं. त्याने जीभ बाहेर काढून डोळे काढले. एका बैलाचा एक डोळा बशीएवढा झाला, दुसरा वाटाण्याएवढा. तो बैल कायमचाच चकित झाला. पोराने त्याचं नाव सर्जा ठेवलं आणि दुसऱ्याचं भडंग, कारण समोर भडंगाची परात होती.

पाहुणे आले. सगळ्यांनी माझ्याजवळ उभं राहून फोटो काढले. कोणी म्हणालं, "लय भारी केलंय गं!" पूजा लाजून पंपाकडे बघत राहिली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला वाटलं की मी खरीच गाडी आहे.

केक कापून झाला. आणि मग पोरांनी आपापल्या आयांच्या पदराच्या पिना मिळवल्या. वाढदिवस संपला की फुगे फोडायचे, हा तुमचा रिवाज मला कोणी सांगितलाच नव्हता. माळेतले फुगे फटाफट गेले. मग सगळा घोळका माझ्याकडे वळला. सगळ्यात पुढे आर्जवच होता, पिन घेऊन.

"थांबा!" आर्जवची आज्जी, विजयमाला, हातातली ताटली ठेवून उभी राहिली. "डोळं असल्याल्याला टोचायचं न्हाई. ह्या घरात केकबी मी सशाच्या आकाराचा आणू दिला न्हाई."

"आवं आज्जी, रबर हाय त्ये!" एक मुलगा म्हणाला.

"रबर आसू दे. तू बैल म्हणूनच टोचणार न्हवं?"

मुलाने पिन पाठीमागे लपवली. आर्जवच्या डोळ्यांत पाणी जमलं. पूजाचा चेहरा उतरला. ती पुटपुटली, "माझंच चुकलं काकू. आधी इचारायला पायजे हुतं." पहिलंच काम, आणि वाढदिवसाचा पोरगा रडणार!

तेवढ्यात आज्जा पुढे आले. "आरं, एवढंच हाय ना? बैल सोडा आधी. गाडीला कुठं डोळं हायत?"

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, हेच वाईट. खरंच, मला डोळे नव्हते. मी नुसतं लाकूड, तेही रबराचं. आज्जांनी आर्जवचा हात धरून जुवाचा पीळ उलटा फिरवायला शिकवलं. सर्जा सुटला, भडंग सुटला. आर्जवने दोघांना भिंतीकडे नेलं आणि त्यांच्यापुढे मूठभर भडंग टाकलं. पिना माझ्याभोवती जमल्या. एक तर चाकाला टेकलीसुद्धा.

"थांबा रं!" आर्जव ओरडला. "सकाळी बैल कुठल्या गाडीला जुंपायचं मग?"

मळ्यातल्या गोठ्यात आता फक्त म्हशी आहेत आणि बाहेर ट्रॅक्टर. सकाळी बैल कुठल्या गाडीला जुंपायचे, हा प्रश्न त्या घरात कित्येक वर्षांत कोणी विचारला नव्हता. आज्जा आधी गालात हसले, मग मोठ्याने हसले, आणि मग उपरण्याने डोळे पुसायला लागले.

"पोरगं बराबर बोलतंय," ते म्हणाले. "ठेवा त्या पिना."

आज्जीने फुटक्या फुग्यांचे तुकडे एकूण एक वेचायला लावले. "म्हशीच्या पोटात गेलं तर तिचा जीव जाईल," म्हणाली. पोरं गुडघ्यांवर रांगत तुकडे शोधू लागली, आणि तोही खेळच झाला. जाताना आज्जीने पूजाला भडंगाची पिशवी दिली. "माहेरी आल्याल्या लेकीच्या पोरीचं बारसं हाय. तवा बी तूच ये. पाळणा कर. डोळं नको काढू म्हंजे झालं."

तेव्हापासून मी सोप्यातल्या खुंटीवर असते. सकाळी आर्जव मला खाली घेऊन बैल जुंपतो, शाळेतून आला की सोडतो. माझी चाकं मऊ पडली आहेत. सर्जा इतका आक्रसला आहे की त्याचा बशीएवढा डोळा आता पेंगुळल्यासारखा दिसतो. आज सकाळी शाळेत जाताना आर्जव परत फिरला, स्केचपेन घेऊन आला आणि माझ्या पुढच्या बाजूला त्याने काहीतरी केलं. गुदगुल्या झाल्या. आज्जीने पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आता हिलाबी टोचायची सोय राहिली न्हाई बघा!"

मित्रांनो, तुमच्या घरी फुगे आणाल तेव्हा पिन शोधण्याआधी गाठ शोधा. ती नखाने हळू सोडा, हवेला आपल्या पायांनी जाऊ द्या. तुकडे पडलेच तर वेचून घ्या. ज्याला डोळे नाहीत, त्याच्याशीही जरा जपून वागा. त्याला कोण कधी डोळे काढून देईल, सांगता येत नाही.

मला आता रस्ता दिसतो. आर्जव येतो आहे. बैल सोडायची वेळ झाली.