वजरी आणि चावरा बूट

मी एक जुनी वजरी आहे. पाय घासायची, काळी, खडबडीत, अंगभर भोकं असलेली. मित्रांनो, माझ्या रूपावर जाऊ नका. एकदा एका डोंगराला जबरदस्त शिंक आली आणि त्या शिंकेसरशी मी आभाळात उडाले. जाता जाता एका ढगाची टाच घासून दिली, म्हणून तो इतका पांढरा दिसतो. खोटं वाटत असेल तर वर बघा.

खाली पडल्यावर एका कारागिराने मला मुठीत मावेल अशी घडवली आणि मी एका न्हाव्याच्या घरी आले. दिवसभर खुर्चीभोवती उभं राहून त्याच्या टाचा इतक्या राठ झाल्या होत्या, की पहिल्याच दिवशी ठिणग्या उडाल्या आणि बादलीतलं पाणी आपोआप तापलं! दुकान बंद करून आला की तो मला हातात घ्यायचा. "हिच्या जिवावर मी उद्या उभा राहणार," असं बायकोला सांगायचा. तेव्हा मी फुगून जवळजवळ वीट व्हायचे.

पुढे न्हाव्याचे आजोबा झाले, दुकान मुलाकडे गेलं, आणि आजोबांना वाकणं जमेनासं झालं. मी मोरीच्या कोपऱ्यात पडून राहिले. एक दिवस सूनबाईंनी मला उचललं. वाटलं, आले आपले दिवस! पण त्यांनी मला डुगडुगणाऱ्या वॉशिंग मशीनच्या पायाखाली सारलं.

रोज संध्याकाळी आजोबांचे मित्र शिंपीकाका खालच्या रस्त्यावरून हाक मारायचे, "काय रे, येतोस का हवा खायला?" पूर्वी आजोबा त्या हाकेआधीच दारात असायचे. हल्ली मात्र "आज कंटाळा आलाय" असं आतूनच सांगायचे. शिंपीकाका जरा वेळ थांबून एकटेच निघून जायचे. सूनबाई म्हणायच्या, "वय झालं आता." मी मोरीतून बघत होते. पाय धुताना करंगळीला हात लागला की आजोबा ओठ घट्ट दाबून घ्यायचे.

आजोबांची नात भिंगरी नुकतीच औषधांच्या दुकानात नोकरीला लागली होती. एका सुट्टीच्या दिवशी तिने जाहीर केलं, "आजोबा, आज तुमचं पेडिक्युअर. बघा कंटाळा कसा पळतो ते."

"पेडी काय? मी काय नवरी आहे?"

पण भिंगरी ऐकेल तर ना! तिने सगळं घर पालथं घातलं. पलंगाखालून टब आला, कपाटातून टॉवेल आला.

"अगं, मिठाची बरणी कुठे निघाली?" सूनबाई ओरडल्या.

"अंघोळीला!"

नेलकटर नेहमीप्रमाणे जागेवर नव्हता. तो घड्याळामागे सापडला. क्रीम, कापूस आणि बाजारातून आणलेली गुलाबी घासणीही आली. पाय कोमट पाण्यात बुडाले. भिंगरीने आजोबांच्या गळ्याभोवतीही टॉवेल गुंडाळला.

"पाय धुतेस की दाढी करतेस गं?"

"तुम्ही गिऱ्हाईक आहात. गप्प बसा."

गुलाबी घासणी टाचेवर फिरली आणि कटकन मोडली. आजोबा खो खो हसले. "मशीनखाली बघ, माझी वजरी असेल." मला बाहेर ओढताच चालू मशीन थडथडत थेट स्वयंपाकघरापर्यंत फिरायला गेलं. सूनबाईंनी त्याला हाताला धरून परत आणलं.

मी जुन्या ओळखीने टाचांवरून फिरले. मग भिंगरीचा हात करंगळीपाशी थांबला. तिथे एक टणक, लालभडक कुरूप झालं होतं. ती उठली, दारातला नवा कापडी बूट घेऊन आली आणि पायाला लावून पाहिला. बुटाची जाड शिवण बरोबर तिथेच येत होती. बूट तिनेच दिला होता, पहिल्या पगारातून.

"चावतो ना?"

"छे! झकास बूट आहे."

"मग घालत का नाही?"

आजोबा टबातल्या पाण्याकडे बघत म्हणाले, "घातला की चालवत नाही. आणि जुन्या चपला घालून निघालो असतो तर तुला दिसलं असतं. त्यापेक्षा घरात बसलेलं बरं."

भिंगरीचे डोळे भरून आले. "माझ्या बुटासाठी कोंडून घेतलंत? वेडे आहात का हो!"

ते कुरूप मी एका फटक्यात उडवलं, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण मित्रांनो, इथे थाप चालायची नाही. "हे डॉक्टरांना दाखवायचं," म्हणत भिंगरीने मला तिथे टेकवलंच नाही. तिने करंगळीला नुसता कापूस गुंडाळला.

तेवढ्यात खालून हाक आली. भिंगरीने खिडकीतून डोकं काढलं. "काका, वर या! कात्री आहे ना खिशात?"

शिंपीकाकांनी बूट पाहिला, करंगळी पाहिली. "एवढंच होय? मला वाटलं, माझ्यावर रुसलास."

त्यांनी करंगळीच्या जागी बूट गोल कापला आणि शर्टाला काज करावं तशी कडा सुबक शिवून टाकली. आजोबा बूट घालून उभे राहिले. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. या वेळी त्यांनी ओठ दाबले नाहीत.

"बुटाला खिडकी! लोक काय म्हणतील?" सूनबाई म्हणाल्या.

"हवा खायला निघालोय. करंगळीनेही खाऊ दे की थोडी."

दोघे भांडत भांडत जिना उतरले. ओला टॉवेल हातात घेऊन भिंगरी खिडकीत उभी होती, ते वळणाआड दिसेनासे होईपर्यंत.

मित्रांनो, आता मी पुन्हा वापरात आहे आणि झिजते आहे. झिजू दे. फक्त काम झालं की मला धुवून उन्हात ठेवा, ओली टाकू नका. आणि घरातलं कुणी माणूस अचानक बाहेर पडेनासं झालं, तर त्याच्या वयाला बोल लावण्याआधी जरा खाली वाका आणि त्याचे पाय तेवढे बघा.