उजव्या बाजूची मूठ

गेल्या उन्हाळ्यापर्यंतची कोणतीही सकाळ घ्या. सव्वासहाच्या सुमारास मागच्या दाराची कडी निघत असे. आधी दोन रिकाम्या बादल्या बाहेर येत, मग त्यांच्यामागून बाबा. ते पायरीवर बसत, रबरी बूट उलटे करून झटकत, पायांत चढवत आणि गुडघ्यावर हात टेकून उठत. नळ पायरीपासून चार पावलांवर होता. बादल्या भरेपर्यंत ते पाण्याच्या धारेकडे पाहत उभे राहत. मग चालू लागत. डाव्या हातातली बादली काठोकाठ भरलेली असे आणि उजव्या हातातली जेमतेम अर्धी. नळापासून कुंपणाजवळच्या लिंबापर्यंत पंचेचाळीस पावले, आणि परतताना तितकीच. गुलाबांना तीन खेपा, टोमॅटोला चार, घेवड्याच्या मांडवाला दोन, लिंबाला दोन. अशा अकरा खेपांमध्ये ते बावीस वेळा माझ्या अंगावरून जात, आणि एकदाही माझ्याकडे पाहत नसत.

मित्रांनो, त्या नळाशेजारी भिंतीला टेकून उभी असलेली मी एक जुनी पाइपाची गाडी आहे. मला दोन रुंद चाके आहेत, लोखंडी नळ्यांची चौकट आहे आणि चौकटीत बसवलेले एक मोठे रीळ आहे. त्या रिळावर तीस मीटर हिरवा पाइप गुंडाळलेला असतो. त्या अकरा खेपांचे पाणी मी एका जागी उभी राहून झाडांपर्यंत पोहोचवू शकले असते. तरीही एक सत्तरी ओलांडलेला माणूस रोज माझ्या शेजारून बादल्या वाहत होता. असे का घडले, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मला फक्त ते सांगता येत नव्हते. त्याचीच हळहळ मनात आहे, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यातला. तिथे एकीकडे नळ्या वाकवल्या जात, दुसरीकडे रंग दिला जाई, आणि शेवटी माझे सगळे अवयव सुटे सुटे करून एका पुठ्ठ्याच्या खोक्यात भरले गेले. नट, बोल्ट आणि वायसर एका पिशवीत होते. त्यांच्यावर घडी घातलेले माहितीपत्रक होते. अशी मी कोणाच्या तरी हातून उभी राहण्याची वाट पाहत एका दुकानाच्या मांडणीवर बरेच महिने पडून राहिले.

मला निवडले ते बाबांच्या लेकीने. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि दवाखान्यात औषधे देण्याच्या खिडकीवर काम करते. कोणती गोळी कधी घ्यायची, हे ती प्रत्येकाला दोनदा समजावते आणि वर त्याच्याकडून एकदा वदवून घेते. आई गेल्यापासून बाबा एकटे राहत होते आणि बागेला बादल्यांनी पाणी घालत होते. तिला ते बघवत नव्हते. दुकानात ती पूर्ण तयारीने आली होती. नळापासून लिंबापर्यंतचे अंतर तिने आधीच मोजले होते. भिंतीवर ठोकायचे रीळ तिने नाकारले, कारण भिंत जुनी होती. प्लास्टिकची हलकी गाडी ओढताना कलंडेल, म्हणून तीही बाजूला ठेवली. खोके उघडायला लावून तिने माझ्या चाकांची रुंदी बोटांनी मोजली आणि चाके ओल्या मातीत रुतणार नाहीत, याची खात्री करून घेतली. दुकानदार अनुभवी होता. वापरणार कोण, असे त्याने विचारले. वडील आहेत, वय एकाहत्तर, असे तिने सांगितले. तेव्हा, मग ही उंच दांड्याचीच घ्या, त्यांना वाकावे लागणार नाही, असा सल्ला त्याने दिला. एवढी आपुलकीने केलेली निवड मी त्या दुकानात दुसरी पाहिली नाही. तरीही एक प्रश्न दोघांच्याही मनात आला नाही.

त्या रविवारी मागच्या अंगणात माझी जोडणी झाली. लेकीने जमिनीवर जुनी चादर अंथरली आणि माझे भाग क्रमाने मांडले. ती माहितीपत्रक वाचे आणि त्याप्रमाणे एकेक भाग बसवे. एक चाक उलटे बसले, ते काढून पुन्हा बसवावे लागले. तेव्हा बाबा म्हणाले, आता ही गाडी मागे मागेच चालली असती. दोघेही हसले. बाबा पायरीवर बसून माझी चौकट धरून होते. लेकीने मागण्याआधीच हवा तो नट ते पुढे करत. आसाचा शेवटचा नट तिला आवळेना, तेव्हा त्यांनी पाना घेतला आणि एका झटक्यात तो आवळला. त्या हाताचा जोर मला माझ्या आसात जाणवला. तो डावा हात होता. लेक त्या वेळी पुढची सूचना वाचत होती. तिने मान वर केली नाही.

आता माझ्या अंगाची एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. माझ्या रिळाला दोन बाजूंना दोन तबकड्या आहेत आणि दोन्ही तबकड्यांना कडेजवळ एकेक भोक आहे. पाइप गुंडाळण्यासाठी फिरवायची मूठ या दोन्हींपैकी कोणत्याही भोकात बसते. उरलेल्या भोकात एक काळे रबरी बूच लावायचे असते. माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर, बारीक अक्षरांत, वापरणाऱ्याच्या सोयीने बाजू निवडावी, असे लिहिले होते. पुढच्या पानावरच्या चित्रात मात्र मूठ उजवीकडे होती. लेकीने चित्र पाहिले आणि मूठ उजवीकडे बसवली.

बाबांनी डाव्या तबकडीवरच्या बुचावरून अंगठा फिरवला.

"हे बूच कशाचं गं?"

"ते असतंच तसं, बाबा. काढू नका."

बाबांनी अंगठा काढून घेतला. मित्रांनो, माझे सगळे आयुष्य त्या दोन वाक्यांत ठरून गेले.

बाबा नोकरीत असताना नकाशे काढत. त्यांची रेघ केसासारखी बारीक होती आणि अक्षर छापल्यासारखे होते. लेकीच्या शाळेच्या प्रत्येक वहीवर तिचे नाव त्यांनीच घातले होते, आणि ते उजव्या हाताने. त्यामुळे वडील उजखोरे आहेत, याबद्दल तिच्या मनात शंकेला जागाच नव्हती. पण फावडे, खुरपे, किल्ली, पाना, जिथे जिथे जोर लागे तिथे तिथे बाबांचा डावा हात पुढे होई. मला हे रोज दिसत होते. लेक रविवारी येई, आणि रविवारी बाबा तिच्याशी बोलत बसत. कामे आदल्या दिवशीच उरकलेली असत.

पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्याशी जमवून घेण्याचा मनापासून प्रयत्न केला. पाणी सोडणे अवघड नव्हते. खरी परीक्षा पाइप गुंडाळताना असे. एका हाताने मूठ फिरवायची आणि दुसऱ्या हाताने पाइप रिळावर शेजारी शेजारी बसवत न्यायचा. ओला पाइप जड असतो. उजव्या हाताने मूठ फिरवताना बाबांचे मनगट अर्ध्यावरच अडे. मग ते कमरेत वळून डावा हात माझ्यावरून पलीकडे नेत आणि तशा अवघडलेल्या स्थितीत मूठ फिरवत. पाइप एका बाजूला गोळा होई, घसरे, त्याला पीळ पडे. कधी ते अर्धाच गुंडाळून बाकीचा माझ्या पायाशी ढीग करून ठेवत.

लेक आली की तो ढीग पाही. तिला वाटे, बाबांना नवे काही शिकायचेच नाही. एकदा तिने सगळा पाइप दोन मिनिटांत सुरेख गुंडाळून दाखवला आणि म्हणाली, "एवढं सोपं आहे हो. नकाशे काढलेत जन्मभर, आणि एक पाइप सरळ गुंडाळता येत नाही?" ती हसत बोलली होती. बाबाही हसले. पुढच्या सोमवारी त्यांनी माळ्यावरून बादल्या खाली काढल्या.

त्यानंतरची दोन वर्षे मी भिंतीशी उभी होते. शेजारच्या मावशी कुंपणापलीकडून गमतीने म्हणत, दाराशी गाडी उभी आणि मालक पायी. बाबा म्हणत, "चालणं होतं तेवढंच." लेक विचारी तेव्हा मात्र ते गाडीची स्तुती करत. शनिवारी संध्याकाळी ते माझी चाके पुसून ठेवत, म्हणजे रविवारी मी वापरातली दिसेन. तिचे मन राखण्यासाठी केलेली ती लबाडी होती आणि मी तिच्यात सामील होते. माझ्या रिळावरचा पाइप उन्हाने पांढुरका पडला. मुठीच्या बोल्टला गंज चढला.

गेल्या उन्हाळ्यात, नळाजवळच्या ओल्या दगडावर, बाबांचा पाय घसरला. काठोकाठ भरलेली बादली डाव्या हातात होती. तिने त्यांना त्याच बाजूला खेचले. ते माझ्यापासून हातभर अंतरावर पडले. बादली घरंगळत जाऊन माझ्या चाकाला लागून थांबली. मावशींनी आवाज ऐकला आणि त्या धावत आल्या.

मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर घालून बाबा घरी आले. लेक रजा काढून राहायला आली. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, नशीब, डावाच हात आहे. मावशी तेच म्हणाल्या. लेकही तेच म्हणाली. बाबा मान हलवत.

बादल्या आता कायमच्या बंद, हे डॉक्टरांनी सांगितले होते. मनगटात पूर्वीचा जोर पुन्हा येणार नाही, हेही सांगितले होते. लेकीने दोन दिवस विचार केला आणि मागच्या अंगणात फरशी घालून घ्यायचे ठरवले. बाबा गाडी सोडून बादल्याच वाहत होते, हे तिला आता कळले होते, आणि बाग राहिली तर ते पुन्हा तसेच पाणी वाहतील, असे भय तिला वाटत होते. तिने बाबांना विचारले. "तुला बरं वाटेल ते कर," एवढेच ते म्हणाले. फरशीवाला येऊन माप घेऊन गेला. लिंबापासून पायरीपर्यंत त्याने खडूच्या भुकटीच्या रेघा मारल्या. त्या रेघांच्या आत गुलाब होते, टोमॅटो होते, मांडव होता. काम शनिवारी सुरू व्हायचे होते. उपटायच्याच झाडांना पाणी कशाला, म्हणून कोणी पाणी घातले नाही. आधी घेवडा माना टाकू लागला, मग टोमॅटो वाळले. बाबा रोज सव्वासहाला कडी काढून पायरीवर येऊन बसत. बूट मात्र घालत नसत.

शुक्रवारी सकाळी लेकीने त्यांना दुखणे कमी करण्याच्या गोळ्यांची बाटली आणून दिली आणि ती दोरीवरचे कपडे काढू लागली. त्या बाटलीचे झाकण दाबून फिरवावे लागते. बाबांनी बाटली गुडघ्यांत धरली आणि उजव्या हाताने झाकण फिरवू लागले. हात घसरला. पुन्हा घसरला. लेक वळून पाहत राहिली.

"बाबा, उजवा हात तर धड आहे ना तुमचा?"

बाबांनी बाटली पायरीवर ठेवली. "हा हात फक्त लिहायला शिकलाय, पोरी. कामाचा हात तो होता."

मग त्यांनी जे सांगितले, ते त्यांनी यापूर्वी कोणालाच सांगितले नसावे. शाळेच्या पहिल्या वर्षी त्यांचे गुरुजी त्यांचा डावा हात रुमालाने बाकाला बांधून ठेवत. उजव्या हाताने अक्षर वळणदार येईपर्यंत तो रुमाल सुटला नाही. अक्षर सुंदर आले, पण बाकी सगळे डाव्यानेच होत राहिले. डावखुरेपणाची लाज मात्र त्या वयात बसली ती बसलीच.

लेकीने कपडे खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने मला नीट पाहिले.

"आणि ही गाडी?"

"गाडी चांगली आहे," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "मूठ तेवढी पलीकडे पडते."

"मग तीन वर्षं बोलला का नाहीत?"

"तू किती हौसेनं जोडली होतीस."

 लेक आत गेली, आणि स्वयंपाकघरातले खण उघडल्याचे आणि बंद केल्याचे आवाज मला बराच वेळ ऐकू येत राहिले. ती परतली तेव्हा तिच्या हातात माझे माहितीपत्रक होते. ते उलटून तिने मागच्या पानावरची बारीक अक्षरांतली सूचना उभ्यानेच वाचली.

मित्रांनो, कोणाला काही द्यायचे झाले तर तुम्हीही जरूर निवडून द्या, मोजून द्या, नीट जोडून द्या. पण त्याआधी ज्याला ते द्यायचे आहे, त्याचा हात एकदा हातात घेऊन पाहा. आणि कोणी प्रेमाने दिलेले तुम्हाला टोचत असेल, तर तेही वेळेवर सांगा. बाबांनी ते सांगितले नाही, लेकीने विचारले नाही, आणि मला बोलता आले नाही. आमच्या तिघांच्या गप्प राहण्याने घेवडा वाळला, आणि तो हात आता पूर्वीसारखा होणार नाही.

दुपारी बाबा आत झोपले होते. लेक तेलाची वाटी आणि पाना घेऊन माझ्यापाशी बसली. तिने गंजलेल्या बोल्टवर तेलाचे चार थेंब सोडले आणि ते मुरेपर्यंत फरशीवाल्याला फोन केला. उद्या येऊ नका, म्हणाली. नंतर कधी, असे त्याने विचारले असावे. कधीच नको, असे तिने हळू आवाजात सांगितले. मग तिने डाव्या तबकडीतले बूच नखाने उचकटून काढले. पाना दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बोल्ट फिरला. मूठ डाव्या बाजूला गेली. तिने स्वतः डाव्या हाताने ती फिरवून पाहिली. तिला ती नीट फिरवता येईना, तिचा हात अर्ध्यावरच अडला. 

नंतर तिने पायाने खडूच्या रेघा पुसल्या, पाइप सोडला आणि गुलाबांना व लिंबाला पाणी घातले. शेवटी मला ओढत नेऊन, बाबा जिथे बसतात त्या पायरीच्या शेजारी, मूठ त्यांच्याकडे करून उभे केले. काढलेले बूच उजव्या भोकात दाबून बसवले, आणि हात पुसून ती आत गेली.